आज्यानं पडताना पाहिलेला दगड

दिवाळी अंकासाठी काही लिहिते आहे म्हटल्यावर माझी धाकटी जाऊ म्हणाली, ‘‘ताई, पोलिसानं लिहावं, डॉक्टरनं लिहावं. विज्ञानाच्या मॅडमकडं सांगायला काय असतं? ऑक्सिजन?’’

तिचं अगदीच चूक नाही. माझी सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळांत गेली, त्यातली शेवटची बरीच वर्षं मंठा तालुक्यातल्या एका गावात, सहावी ते आठवीच्या वर्गांवर. आमच्या कामात कोणी मरत नाही, कोणी वाचत नाही. निदान तसं दिसत तरी नाही.

सातवीला मूलद्रव्यं येतात. पोरं नावं आणि चिन्हं घोकतात. लोखंडाला ‘एफई’ का म्हणायचं आणि सोडियमला ‘एनए’ का, हे कोणी विचारत नाही. पाढे पाठ करावेत तसं पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात. मीही सुरुवातीला तसंच शिकवलं. मग एका वर्षी कंटाळून पुस्तक मिटलं आणि विचारलं, ‘‘सूर्यावर काय काय आहे ते आपल्याला कसं कळलं? तिथं तर कोणी गेलं नाही.’’ त्या दिवसापासून मी मूलद्रव्यं आभाळातून शिकवायला लागले.

पद्धत साधी होती. स्पिरिटचा दिवा, एक तार आणि किराणा दुकानात मिळणाऱ्या वस्तू. तारेवर मीठ धरलं की ज्योत पिवळी धमक होते. मोरचूद धरलं की हिरवी. म्हणजे प्रत्येक पदार्थ जळताना आपला रंग दाखवतो आणि ताऱ्याचा उजेड नीट फोडून पाहिला की त्यात काय आहे ते घरबसल्या कळतं. चपलांच्या खोक्याला फट पाडून, आत जुनी सीडी बसवून पोरं उजेड फोडायची आणि भिंतीवरच्या रंगांवरून भांडायची. मोरचूद फळबागांवर फवारतात; ते मी जुन्या जालन्यातल्या एका मारवाडी शेठजींकडून न्यायची. ते दर वेळी विचारायचे, ‘‘मॅडम, बाग कितीक हाय तुमची?’’ बाग नाही, शाळा आहे म्हटलं की पुडीत चिमूटभर जास्त टाकायचे.

मग गोष्ट लोखंडावर यायची. मोठ्या ताऱ्याच्या पोटात हलक्यापासून जड मूलद्रव्यं तयार होत जातात आणि लोखंडापाशी काम थांबतं. लोखंडापासून ताऱ्याला आणखी उष्णता मिळत नाही. मग तो आत कोसळतो, फुटतो, आणि त्याच्या पोटातलं सगळं अवकाशात विखुरतं. त्यातूनच पुढं पृथ्वी झाली. म्हणजे आपल्या रक्तातलं लोखंड कधीतरी ताऱ्यात होतं. शाळेत मुलींना लोखंडाच्या गोळ्या वाटतात. हा धडा झाला की कुंपणापलीकडं गोळ्या फेकणं महिनाभर तरी बंद व्हायचं. एकदा एक आई तणतणत आली. ‘‘मॅडम, तुमी काय सांगितलं लेकराला? खिळे चाटून राह्यलंय ते!’’ त्या पोराला मी समजावलं, पण मनातून मला आनंद झाला होता, हे कबूल करते.

शीतल त्या वर्षीच्या सातवीत होती.

शीतल धनगराची. तिचा बाप रामकिसन आणि आई, दोघं मेंढरं घेऊन दिवाळीनंतर गाव सोडायचे आणि पावसाळ्याच्या तोंडावर परतायचे. शीतलला बरोबर न्यायचे, कारण घरी सांभाळणारं कोणी नव्हतं. तिचा आजा, सटवाजीबाबा, तेवढे महिने शेजारच्या गावी लेकीकडं राहायचा. त्यामुळं शीतलचं वर्ष अर्धंच व्हायचं. तरी गणितात ती वर्गाच्या पुढं असायची. बोलायची कमी, पण बोलली की नेमकं.

लोणार आमच्या भागाला जवळ. पोरं तिथं देवीच्या दर्शनाला, नवस फेडायला जाऊन आलेली असतात. ते तळं आभाळातून पडलेल्या दगडानं झालं, असं सांगितलं की त्यांना आपल्याच घरातली गोष्ट ऐकल्यासारखं वाटतं. त्या दिवशी मी जुन्या लाऊडस्पीकरचं लोहचुंबक आणलं होतं. आभाळातून येणाऱ्या दगडांत बहुधा लोखंड असतं, त्याच्याबरोबर निकेल असतं, लोहचुंबक त्यांना चिकटतं, असं मी सांगत होते. शीतल उभी राहिली.

‘‘मॅडम, तसला दगड आमच्या घरी हाय. आज्यानं पडताना पाह्यलाय.’’

पोरं हसली. दुसऱ्या दिवशी तिनं तो आणला. नारळाएवढा, पण उचलताना हात खाली जावा इतका जड. वर्षानुवर्षं देव्हाऱ्यात होता, त्यामुळं शेंदूर आणि तेलाची जाड पुटं त्यावर चढली होती. खालचा दगड दिसतच नव्हता. मी लोहचुंबक जवळ नेलं. ते माझ्या हातातून सुटून दगडाला चिकटलं.

वर्गात जो आरडाओरडा झाला, तो ऐकून मुख्याध्यापक धावत आले.

संध्याकाळी मी शीतलच्या घरी गेले. सटवाजीबाबा ओसरीत बसला होता. गुडघे गेलेले, पण आवाज खणखणीत. त्यानं हकिकत सांगितली. तरुणपणी तो माळावर मेंढरं राखत होता. अंधार पडल्यावर आभाळातून एक उजेड आला, हिरवट, आणि टेकाडाच्या अंगाला पडल्यासारखा दिसला. कुत्री भुंकायची थांबली. दिवस उगवल्यावर तो तिकडं गेला, तर काळा दगड पडलेला.

‘‘मी इतकी वर्षं सांगून राह्यलो, बाई. एकालाबी खरं वाटलं न्हाई. म्हणायचे, सटवाजी ताडी पिऊन आल्ता.’’ मग शीतलकडं बघून म्हणाला, ‘‘आता लेकरानं शाळंत नेऊन दाखवलं.’’

खरं म्हणजे मी तेव्हाच सांगितलं होतं की नुसतं लोहचुंबक चिकटलं म्हणून सिद्ध होत नाही, तपासावं लागेल. ते कोणाच्या कानात शिरलं नाही. गावातल्या एका बातमीदारानं दगडाचा आणि शीतलचा फोटो छापून आणला. आजूबाजूच्या वस्त्यांवरून माणसं यायला लागली. नारळ फुटू लागले. कोणीतरी ‘उल्केश्वर’ असं नावही देऊन टाकलं आणि सरपंच शेड टाकायची भाषा बोलायला लागले. सटवाजीबाबा धुतलेला पटका बांधून ओसरीत बसायचा आणि येईल त्याला पहिल्यापासून सांगायचा.

मला त्या सगळ्यापेक्षा दुसऱ्या एका गोष्टीचा आनंद झाला होता. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात शीतलनं हा दगड घेऊन उभं राहायचं ठरलं. प्रदर्शन दिवाळीनंतर, म्हणजे तिची माणसं निघायच्या दिवसांत. रामकिसन मला भेटायला शाळेत आला, व्हरांड्यात चप्पल काढून उभा राहिला.

‘‘बाबा म्हणतेत, यंदा ते लेकीकडं न्हाई जायाचे. घरीच राहतो म्हणतेत, पोरीला ठिवा माझ्यापाशी. ती भाकरी करंल अन् शाळाबी करंल.’’

‘‘आणि तुम्ही काय म्हणता?’’

‘‘मी काय म्हणू? पेपरात आली पोरगी.’’ तो पहिल्यांदा हसला. ‘‘ऱ्हाऊ द्या.’’

शीतलचं पहिलंच पूर्ण वर्ष होणार होतं.

प्रदर्शनाआधी दगडाचा तुकडा तपासून घेणं मला भाग होतं. परीक्षक विचारणार, आणि पोरीला पुराव्यासह उत्तर देता यावं असं मला वाटत होतं. तुकडा काढायला सटवाजीबाबाची परवानगी हवी होती. त्यानं देवाला कौल लावला, मग स्वतःच छिन्नी धरून खालच्या बाजूचा एक टवका काढून दिला. तो मी संभाजीनगरला एका कॉलेजातल्या भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकांकडं पोचवला.

काही दिवसांनी त्यांचा फोन आला. मी मधल्या सुट्टीत डबा खात होते. त्यांनी आधी माफी मागितल्यासारखं केलं, तेव्हाच मला कळलं.

‘‘मॅडम, निकेल नाही. आत बारीक बारीक पोकळ्या आहेत, फेस गोठल्यासारख्या. आभाळातल्या दगडात अशा नसतात. हे भट्टीतलं आहे. लोखंड वितळवताना वर जी मळी येते ना, ती. तुमच्या जालन्यात तर ढीग असतात. रस्त्याच्या भरावात वापरतात.’’

‘‘पण आजोबांनी उजेड पाहिला होता.’’

‘‘पाहिला असेल की. उल्का बहुतेक वेळा वरच जळून जाते. सकाळी शोधायला गेल्यावर जे वेगळं दिसलं, ते त्यांनी उचललं.’’

डबा तसाच राहिला. शेंदराच्या खाली काय होतं ते आता मला समजलं. त्या पुटांनी सगळी भोकं बुजवून टाकली होती.

मी कोणालाही काही बोलले नाही. प्रदर्शन झाल्यावर सांगावं, असं एकदा मनात आलं. पण परीक्षकांसमोर ती पोर जे सांगणार होती ते खोटं आहे हे मला माहीत असताना, तिच्या मागं उभं कसं राहायचं? दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी शीतलला थांबवलं. वर्गात दोघीच होतो. सांगायचं ते सरळ सांगितलं.

ती रडली नाही. म्हणाली, ‘‘मशीन चुकत असंन, मॅडम.’’

‘‘नाही चुकत, बाळा.’’

‘‘मंग आज्या खोटं बोलला का?’’

‘‘नाही. आज्यानं उजेड पाहिला तो खरा. दगड तिथं आधीपासून पडलेला होता, एवढंच.’’

ती बाकाच्या कडेवर नख ओढत राहिली. मला तिला काहीतरी द्यायचं होतं. मी म्हटलं, ‘‘शीतल, आणि हे बघ, मळीतलं लोखंड तरी कुठून आलं? तेही कधीतरी ताऱ्यातच झालं होतं. आपण शिकलो ना?’’

तिनं मान वर केली. ‘‘समद्यांचंच लोखंड आभाळातलं असंन, तं आमच्या आज्याचं काय राह्यलं?’’

मी इतकी वर्षं तो धडा शिकवत होते. ताऱ्यातलं लोखंड प्रत्येकाच्या रक्तात आहे, यात मला कायम मोठेपणा दिसला होता. त्यात कोणाचं काही कमी होतं, हे मला त्या संध्याकाळपर्यंत कधी सुचलं नव्हतं.

आज्याला सांगायला आम्ही दोघी गेलो. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग दगडावर हात ठेवला.

‘‘तो उजेड तरी खरा व्हता ना, बाई?’’

‘‘उजेड खरा होता, बाबा.’’

‘‘मंग झालं तर,’’ तो म्हणाला. पण त्या दिवसानंतर पटका बांधायचं त्यानं सोडून दिलं.

मला वाटलं होतं, शीतल आता प्रदर्शनाला येणार नाही. ती म्हणाली, येते. दगडही नेते. आधी रॉकेलनं त्याचा शेंदूर काढला, घासून घासून. खालचा भोकाभोकांचा काळा पृष्ठभाग उघडा पडला. मंठ्याच्या शाळेच्या मैदानात, मांडवात, तिनं टेबलावर एका बाजूला लोणारचा नकाशा आणि दुसऱ्या बाजूला तो दगड ठेवला. परीक्षक आले तेव्हा तिनं शांतपणे सांगितलं, ‘‘हा दगड आभाळातला न्हाई. आमाला वाटलं व्हतं. भट्टीतली मळी हाय. आभाळातला दगड अन् मळी, दोन्हीला लोहचुंबक चिकटतं. मंग फरक कसा वळखायचा, ते मी सांगते.’’

आणि तिनं सांगितलं. पोकळ्या दाखवल्या, निकेलचं सांगितलं, उल्का वरच का जळते ते सांगितलं. माझ्या सगळ्या नोकरीत कुठल्याही विद्यार्थ्यानं इतकं स्वच्छ विज्ञान मांडलेलं मी ऐकलं नाही.

एक परीक्षक घड्याळाकडं बघत म्हणाले, ‘‘पण मग हा दगड आणलाच कशाला? पेपरात तर वेगळंच आलं होतं.’’ दुसरे म्हणाले, ‘‘ठीक आहे, ठीक आहे,’’ आणि पुढच्या टेबलाकडं गेले. तिथं एका पोरानं पाण्यावर चालणारी गाडी केली होती. ती गाडी त्याच्या काकांनी केली होती, हे सगळ्यांना माहीत होतं. पहिलं बक्षीस त्या गाडीला गेलं.

परतताना जीपमध्ये दगड शीतलच्या पायापाशी होता. वळणावर तो गडगडला तर ती पायानं अडवायची.

गावात बातमी आमच्या आधी पोचली होती. सरपंच मला म्हणाले, ‘‘मॅडम, बराबर चाललं व्हतं समदं. कशाला उकरून काढलं?’’ त्यांच्याशी मी भांडले. पण भांडून काय होणार? पोरं शीतलला ‘मळी’ म्हणायला लागली. आधी आठवीची, मग तिच्या वर्गातलीही. मी दोघांना शिक्षा केली, पालकांना बोलावलं. मग पोरं माझ्या पाठीमागं म्हणायला लागली. सटवाजीबाबाला ओसरीत बसलेलं पाहून माणसं हसत जायची. त्यानं ओसरीत बसणंच सोडलं, आणि एके दिवशी लेकीकडं निघून गेला.

दोनच दिवसांनी रामकिसन दाणे न्यायला गावात आला, तेव्हा शीतल आपणहून त्याच्याबरोबर गेली. मला सांगायलाही आली नाही.

काही आठवड्यांनी कळलं की त्यांचा तळ परतूर तालुक्यात आष्टीजवळ आहे. शनिवारची सकाळची शाळा झाल्यावर मी बस पकडली. आष्टीपासून एका रिक्षावाल्यानं शेतापर्यंत सोडलं. काळ्या रानात वाघूर, म्हणजे भोवतीची जाळी, लावून मेंढरं बसवायची तयारी चालली होती. शेतकऱ्याला लेंडीखत मिळतं, यांना धान्य. शीतल कोकरांना डालग्याखाली झाकत होती. मला पाहून उभी राहिली, पण पुढं आली नाही.

रामकिसननं घोंगडी अंथरली. तिच्या आईनं चहा ठेवला. मी म्हटलं, पोरीला परत पाठवा. माझ्याकडं ठेवते, माझ्या घरी. वर्ष पुरं होऊ द्या.

रामकिसन म्हणाला, ‘‘मी न्हाई म्हणत न्हाई, मॅडम. तिला इचारा. ती तयार असंन तं आत्ता धाडतो.’’

मी शीतलकडं गेले. तिच्या हाताला मेंढीच्या दुधाचा वास येत होता. मी म्हटलं, चल. म्हटलं, पोरं विसरतील. आठवीत गेल्यावर मी स्वतः तुला शिष्यवृत्तीला बसवते. ती ऐकत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली,

‘‘मॅडम, मी लई इचार केला. तुमी मला खोटं सांगितलं असतं, तं मी तुमच्यावर चिडले असते. आज्या खोटं बोलला असता, तं त्याच्यावर चिडले असते. तुमी खरं बोलल्या. आज्याबी खरं बोलला. म्याबी तिथं उभं राहून खरंच सांगितलं. कोणीच खोटं न्हाई बोललं. मंग मी कुणावर चिडू?’’

मी विज्ञानाची शिक्षिका. मुलांच्या प्रश्नाला उत्तर येत नसेल तर ‘मला माहीत नाही, आपण शोधू’ असं म्हणायचं, हे मी नव्या शिक्षकांना शिकवत आले. त्या रानात मला तेवढंही म्हणता आलं नाही. शोधायचं कुठं, हेच माहीत नव्हतं.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिनं ठेवू दिला. दिवस कलला होता, आणि कुत्र्यांनी मेंढरांच्या भोवती फेऱ्या मारायला सुरुवात केली होती. एक कोकरू डालग्यातून निसटून पळालं, तशी ती त्याच्या मागं धावली आणि त्याला छातीशी धरून परत आली.

‘‘जा मॅडम,’’ ती म्हणाली. ‘‘अंधार पडतोय. मंठ्याची गाडी चुकंल तुमची.’’